वाईट कवींसाठी तीन शब्द

तारनाका, हैदराबाद
२० जून २०२५

चि. रंजना,

अनेक आशीर्वाद. जून महिन्याच्या सतरा कविता मंडळाच्या प्रमोदबरोबर परत पाठवीत आहे. क्रमांक दोन, नऊ आणि चौदा निवडल्या आहेत. त्यांच्या कवींच्या नावांचे बंद लिफाफे रविवारच्या बैठकीत उघडावेत. उरलेले चौदा लिफाफे नेहमीप्रमाणे न उघडता जाळावेत.

आपल्या काव्यमंडळाच्या सप्टेंबरच्या पत्रकासाठी तू चिटणीस म्हणून लेख मागितला होतास. विषय ठरला आहे. वाईट कवीला काय म्हणावे, आणि जे म्हणतो ते कोठून आले, याची चिकित्सा मी करणार आहे. माझ्यासमोर तीन शब्द आहेत. पहिला आपला ‘कुकवी’. यातला ‘कु’ निंदा करतो, पण मूळ पद काढून घेत नाही. कुपुत्र हा शेवटी पुत्र असतो; तसा कुकवी हा कवीच, फक्त वाईट. दुसरा इंग्रजीतला ‘पोएटास्टर’. त्याचे शेपूट लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ ‘सारखे दिसणारे, पण ते नव्हे’ असा होतो. तिसरा आपल्या शहरातला, उर्दूने अरबीतून घेतलेला ‘मुतशाइर’. अरबीत हा साचाच सोंगाचा आहे. आजारी नसून आजाराचे सोंग घेणारा, अजाण नसून अजाणपणाचे सोंग घेणारा, असे शब्द त्याच साच्यातून निघतात. म्हणजे मुतशाइर हा वाईट कवी नव्हे, तो कवीच नव्हे. त्याने कवीचा वेश घेतला आहे, आणि तो जाणूनबुजून घेतला आहे. पहिल्या शब्दात दोष आहे, दुसऱ्यात साम्य आहे, तिसऱ्यात इच्छा आहे. हा भेद आजवर कोणी नीट मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

उदाहरणाला या महिन्याचा क्रमांक अकरा उत्तम आहे:

कडी माझ्या दाराला बाहेरून आहे,
जाळीतून मी रोज ऊन येताना पाहे.
दूधवाला येतो बरोबर सकाळी सात,
त्याला कधी दिसतो तर माझा एक हात.

‘मी पाहे’ हे रूप केवळ यमकासाठी वाकवले आहे. ‘बरोबर’ हा शब्द मात्रा भरण्यासाठी आला आहे. ऊन, दूध, कडी, हात या वस्तूंना एकत्र बांधणारी भावना कोठेच नाही. लिहिणाऱ्याला कविता करायचीच नव्हती असे वाटते; फक्त कवितेसारखे काहीतरी हवे होते. तिसऱ्या शब्दाचा हा शुद्ध नमुना होय.

तुझ्या कचेरीत दखनी बोलणारी जुनी माणसे आहेत. हा शब्द ते कसा वापरतात, ते विचारून लिही. माझ्या कानांची अवस्था तू जाणतेस. फोनवर मला फक्त गुणगुण ऐकू येते, तेव्हा पत्रच बरे.

तुझा,
एकनाथमामा


सिकंदराबाद
१ जुलै २०२५

ती. मामांस,
सा. नमस्कार.

तुमचा शब्द मी कचेरीत विचारला. आधी एक सांगते, तो घरात मोठ्याने म्हणू नका. मी स्वयंपाकघरात म्हटला तर माधवी हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून हसत बसली. पंचवीस वर्षांची मुलगी, पण शब्दाचा पुढचा अर्धा भाग तिच्या कानात शिरलाच नाही.

आमच्या रेल्वेच्या कचेरीत निवृत्तीला आलेले खादरसाहेब आहेत. ते म्हणाले, “मुतशाइर बोले तो शायर नहीं मॅडम, शायर का भेस.” मी विचारले, “भेस काहे को भरता कोई?” ते म्हणाले, “वाहवा के वास्ते. और क्या, बिर्याणी के वास्ते?” मग स्वतःच म्हणाले, “बिर्याणी के वास्ते भी भरते. हमारे मामू भरते थे.” तुमच्या लेखात बिर्याणी बसणार नाही, पण मी जसे ऐकले तसे लिहिले.

रविवारी बैठक झाली. आबासाहेबांनी अध्यक्ष म्हणून पितळी तबकात कापूर लावून चौदा लिफाफे जाळले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी अकरा क्रमांकाचा लिफाफा त्यांच्या हातात देताना क्षणभर थांबले. त्यांनी विचारले, “काय झालं?” मी म्हणाले, “हा उघडून बघू का?” ते हसले आणि म्हणाले, “नियम तुमच्याच मामांचा आहे, ताई. मोडायचा तर त्यांना विचारून मोडा.” मग मी दिला.

मामा, ती कविता मी तुमच्यासारखी वाचू शकत नाही. मला ती वाचताना कोणी माणूस कोंडलेला दिसतो. कडी बाहेरून, जाळीतून ऊन, आणि दूध घ्यायला फक्त हात. एवढ्या गोष्टी कोणी उगाच का सांगेल? अक्षर बाईचे आहे. शाळकरी वहीचे पान आहे, कडेला फाडलेले. पाकिटावरचा शिक्का फिसकटला आहे. शेवटी ‘नगर’ एवढेच लागते, आणि या शहरात किती नगरे आहेत ते तुम्हाला माहीत आहे.

माझे चुकत असेल तर तसे लिहा. चुकलेले मला चालेल.

आपली,
रंजना


तारनाका
२२ जुलै २०२५

चि. रंजना,

आशीर्वाद. खादरसाहेबांचे उत्तर लेखात घेतले आहे, बिर्याणी वगळली. वाहवेसाठी वेश, हे कारण पुरेसे आहे आणि ते माझ्या अनुभवाशी जुळते.

तुझ्या शंकेचे उत्तर देतो, कारण ती शंका चांगल्या मनातून आली आहे आणि म्हणूनच घातक आहे. कवितेतला ‘मी’ आणि कविता लिहिणारा माणूस एकच, असे तू धरून चालतेस. हे सिद्ध कशाने झाले? उद्या कोणी ‘मी मेलो आहे’ असे लिहिले तर आपण तिरडी बांधावी काय? विव्हळणारे प्रत्येक कडवे खरे मानले तर आपल्या मंडळाला दर महिन्याला एक रुग्णवाहिका ठेवावी लागेल. परीक्षकाने कागदावर जे आहे तेवढ्यापुरते बोलावे. कागदामागे कोण उभे आहे हे पाहू लागला की तो परीक्षक उरत नाही.

लिफाफ्यांचा नियम मी का केला, हे तुला कदाचित ठाऊक नसेल. शहाऐंशी साली आपल्या बैठकीत नाकारलेल्या कविता नावासकट वाचत असत. जहागिरीच्या गावाकडून आलेला एक तरुण कारकून होता. त्याची कविता वाचली गेली, आणि पाऊणशे माणसे हसली. तो टोपी विसरून निघून गेला आणि पुन्हा कोठल्याच बैठकीला आला नाही. त्यानंतर मी ठरवले की ज्याची कविता नाकारायची त्याचे नाव कोणालाही, अगदी मलाही, कळता कामा नये. नाव जाळणे ही आपण त्या माणसाला दिलेली एकमेव भेट असते. एकोणचाळीस वर्षांत ती एकदाही परत घेतलेली नाही. तुझ्या हळवेपणासाठी आता घेणार नाही.

जुलैच्या कविता सोबत आहेत. क्रमांक चार त्याच अक्षरातला आहे:

खाली औषधांचे दुकान, वर पाण्याची टाकी,
मोजून ठेवले दिवस, अजून किती बाकी.
मोबाइल नाही, चप्पल नाही, बाहेर नाही जायचे,
आई विचारील कुणाला तर तिला काय सांगायचे.

पहिल्या ओळीत ही कविता नसून पत्ता आहे. तिसऱ्या ओळीत यादी आहे. चपलेचा येथे काय संबंध? ती असती तर कवितेत काय वाढले असते, नसल्याने काय घटले? दोन्ही नमुने लेखात पूर्ण देत आहे. एक उदाहरण योगायोग ठरू शकते. दोन उदाहरणांनी प्रवृत्ती सिद्ध होते. क्रमांक चारचा लिफाफा नियमाप्रमाणे जावा.

तुझा,
एकनाथमामा


सिकंदराबाद
२९ जुलै २०२५

ती. मामांस,
सा. नमस्कार.

लिफाफा नियमाप्रमाणे गेला. तबकात सर्वांत शेवटी पेटला. मी तुमचे ऐकले, आणि मला ते बरे वाटत नाही, एवढे लिहून ठेवते.

आता माझी एकच विनंती आहे. लेख छापा, तिन्ही शब्द छापा, माझ्या खादरसाहेबांना छापा. फक्त त्या बाईच्या आठ ओळी छापू नका.

कारण तुमच्याच पद्धतीने मांडते, म्हणजे तुम्हाला ते हळवे वाटणार नाही. आपल्या कविता-पाकिटांची सूचना फक्त आपल्या पत्रकात येते. आपले पत्रक फक्त सभासदांच्या घरी जाते. म्हणजे ज्या घरातून या कविता येतात त्या घरात पत्रक येते. तिथे ते कोणीतरी उघडते. आजवर तिने जे लिहिले ते कोणी नीट वाचलेले दिसत नाही, नाहीतर पाकीट आपल्यापर्यंत आले नसते. पण तेच छापून आले, वर तुमचे नाव आले, प्रत्येक शब्दाचा अर्थ तुम्ही सोडवून सांगितलात, तर त्या घरातला माणूस ते वाचील. कडी कोणी लावली ते त्याला माहीत आहे, मामा. त्याच्या हातात आपणच तिचा कागद देऊ.

तुम्ही म्हणता कागदामागे पाहू नये. तुम्ही नका पाहू. पण कागद कोणापुढे जाणार आहे, तेवढे तरी पाहा.

विद्यानगर, नल्लाकुंटा, बरकतपुरा असे शनिवारी फिरून आले. खाली औषधांचे दुकान आणि वर पाण्याची टाकी असलेल्या इमारती मोजायला लागले. एकतीसनंतर सोडून दिले.

आपली,
रंजना


तारनाका
१९ ऑगस्ट २०२५

चि. रंजना,

आशीर्वाद. तुझी मांडणी वाचून समाधान वाटले. वर्गात होतीस तेव्हा इतकी स्वच्छ मांडत नव्हतीस. पण शेवटची पायरी निसटते. पत्रक त्या घरात येते, हे मान्य. यावरून फार तर एवढे ठरते की त्या घरात मराठी अक्षराची चाड आहे. ज्या घरी पत्रक येते, ज्या घरची स्त्री कविता पाठवते आणि तिला पाठवू दिली जाते, त्या घरी दाराला बाहेरून कडी असेल, हे मला संभवनीय वाटत नाही. आपली सभासद-यादी मी चाळीस वर्षे पाहतो आहे. वकील आहेत, व्यापारी आहेत, जुन्या निजामी मुलखातली शेतीवाडीची घरंदाज कुळे आहेत. असे प्रकार आपल्या यादीत होत नाहीत.

उदाहरणावाचून सिद्धांत लंगडा पडतो. म्हणून लेख मी परवाच प्रमोदबरोबर थेट छापखान्यात पाठवला. तुझ्या हातून गेला असता तर वाटेत त्याच्या आठ ओळी गळाल्या असत्या, अशी मला भीती होती. हे लपवीत नाही.

ऑगस्टच्या कविता सोबत आहेत. क्रमांक सहा पुन्हा तोच हात. पेन्सिलीने, घाईत. पण पाहा:

दसऱ्याला गावाला नेणार म्हणतात.
गावाला आता आमचे कोणी नाही.
घर आहे. घरामागे विहीर आहे.
मला पोहता येत नाही.

यमक सुटले आहे. ओळी आखूड झाल्या आहेत, भरतीचा शब्द एकही नाही. ही निःसंशय सुधारणा आहे आणि मी ती नोंदवली आहे. विहीर मात्र झिजलेली प्रतिमा आहे; मराठी कवितेत इतक्या विहिरी खणल्या गेल्या आहेत की कोणत्याच विहिरीला आता पाणी नाही. शेवटची ओळ तर नुसती माहिती आहे. म्हणून नाकारतो. पुढच्या वर्षी हा हात कदाचित निवडीच्या जवळ येईल.

दोन दिवस ही कविता टेबलावरच होती. का, ते सांगता येत नाही.

तुझा,
एकनाथमामा


सिकंदराबाद
३ सप्टेंबर २०२५

ती. मामांस,

प्रमोद हे पत्र हातात देईल आणि तुमचे उत्तर होईपर्यंत ओट्यावर बसून राहील. त्याला चहा द्या, पण वेळ लावू नका.

तुमचा नियम मी रविवारी मोडला. तबकात सहा क्रमांकाच्या जागी रिकामा लिफाफा ठेवला आणि तिचा पर्समध्ये घातला. कोणाला कळले नाही. ती कविता बिनतिकिटाच्या पाकिटातून आली होती, हे मी तुम्हाला आधी कळवायला हवे होते. आधीची दोन्ही पाकिटे नीट तिकीट लावून, टाइप केलेल्या पत्त्याची होती. हे तिने स्वतः, कोणाच्या तरी हाती जाळीतून दिलेले. म्हणूनच यमक नव्हते. ते कशासाठी जुळवले जात होते, ते मला त्या घरी गेल्यावर कळले.

लिफाफ्यात चिठ्ठी होती. त्रिवेणी, विद्यानगरमधला पत्ता, आणि खाली एक ओळ: ‘मी कवयित्री नाही.’

सोमवारी गेले. खाली औषधांचे दुकान आहे. चौथ्या मजल्यावर एका तिशीतल्या माणसाने दार उघडले. कुलदीप त्याचे नाव. शेतीच्या पंपांचे दुकान आहे त्याचे. फार अगत्याने वागला. म्हणाला, “या ना ताई, मंडळाच्या ना तुम्ही? पत्रकात फोटो बघितला तुमचा. बसा. चाय घ्या.” मी नको म्हणाले. “नक्को कसं? आमच्या बापूंच्या वेळेपासून सभासद आहोत आम्ही. बापू गेले, पत्रक येतंच.”

पत्रक टीपॉयवर होते. तुमच्या लेखाचे पान दुमडून वर ठेवलेले.

तो म्हणाला, “सोळंकेसरांनी लई छान लिहिलंय. माझं मराठी कच्चं आहे ताई, शाळेत तेलुगू होतं. तिच्या कविता मीच पोस्टात टाकत होतो. अक्षर लावून लावून बघायचो. आहे-पाहे, सात-हात. यमक जुळलं म्हणजे कविता, पुढं काय वाचायचं? दुकानात सांगायचो लोकांना, बायको कविता करते. हे आलं तेव्हा काकांना बोलावून वाचून घेतलं. दोनदा. मग समजलं.”

मी विचारले, “त्रिवेणीताई कुठे आहेत?”

“गावाला पाठवली. दसऱ्याला जायचंच होतं. जरा अगोदर.”

“फोन लावून द्या. अभिनंदन करते त्यांचं.”

“तिकडं सिग्नल नाही येत.” मग चहाचा कप माझ्याकडे सरकवून म्हणाला, “आम्हाला वाटायचं ती कविता करते. सरांनी दाखवून दिलं, कविता नाही, सोंग करते. बरं झालं शिकलेल्या माणसानं सांगितलं. घरचं कोण सांगतं?”

बसले होते तिथून आतल्या खोलीचे दार दिसत होते, मामा. कडी बाहेरून आहे. बाहेरच्या दाराला आहेच, ही आणखी नवी आहे. चौकटीच्या जुन्या रंगावर स्क्रूभोवती लाकडाचा भुसा अजून चिकटला आहे.

तिथून ठाण्यात गेले. अधिकाऱ्याने तिन्ही कागद आणि ती चिठ्ठी उलटसुलट पाहिली. म्हणाला, “मॅडम, ये कविता है, कंप्लेंट नहीं है.” मी त्याला हिंदीत सगळे समजावले. त्याने कुलदीपला बोलावून घेतले. तो पत्रक घेऊन आला. तुमच्या लेखातले शेवटचे वाक्य त्याने अधिकाऱ्याला हिंदीत करून सांगितले. कोणाकडून तरी आधीच लिहून आणले होते. ‘हे लिहिणारा जे भोगल्याचे दाखवतो ते त्याने भोगलेले नाही, तो केवळ वेश आहे.’ खाली तुमची पदवी, पस्तीस वर्षे तर्कशास्त्राचे अध्यापन. अधिकारी मला म्हणाला, “आपके प्रोफेसर साब खुद बोल रहे, नाटक है. वो लेडी भी लिख रही, मैं शायर नहीं. फिर झगडा किस बात का?” मी म्हणाले की ते प्रोफेसर माझे मामा आहेत. तो म्हणाला, मग त्यांनाच विचारून या.

ती माणसांत असती तर मी आणखी चार ठिकाणी गेले असते. ती विहिरीजवळ आहे. कुलदीप उद्या गावाला निघतो आहे.

म्हणून विचारते. तुम्ही काय ते आता लिहा.

रंजना


तारनाका
३ सप्टेंबर २०२५, दुपारी एक

चि. रंजना,

तुझे पत्र दोनदा वाचले. पहिल्या वाचनात माझे लक्ष तुझ्या वाक्यांकडे जात होते. ही सवय किती खोल गेली आहे ते तुला कळावे म्हणून लिहितो, क्षमा मागण्यासाठी नाही. त्याला वेळ नाही.

सोबत निवेदन आहे. दोन प्रती, दोन्हींवर सही आणि अंगठा. मजकूर असा:

‘मी, एकनाथ सोळंके, वय एक्क्याऐंशी, असे लिहून देतो की मंडळाच्या सप्टेंबरच्या पत्रकातील माझ्या लेखाचा निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो मी मागे घेतो. त्या लेखावर कोणीही कोणत्याही कामासाठी विसंबू नये. तिन्ही कागद मी स्वतः तपासले आहेत. अक्षर एकाच व्यक्तीचे आहे. त्यांतली जी जी ओळ मी दोष म्हणून नोंदवली, ती ती वस्तुस्थितीचे कथन आहे, असे माझे आजचे मत आहे. हे मत मान्य करण्याची आवश्यकता नाही. पहिल्या कागदात दाराला बाहेरून कडी असल्याचे लिहिले आहे. ठाण्यापासून ते दार जवळ आहे. जाऊन कडी पाहावी. ती बाहेरून असेल तर दुसरा कागद खरा धरावा. औषधांचे दुकान आणि टाकी तेथे असतील तर तिसरा खरा धरावा, आणि तिसऱ्याच्या बाबतीत पाहायला जाण्यास उशीर करू नये. जेथे डोळ्यांनी पाहणे शक्य आहे तेथे अनुमानावर काम भागवणे, ही विद्यार्थ्याची पहिली चूक असते. मी ती केली आहे.’

अधिकाऱ्यांनी विचारले तर मी स्वतः ठाण्यात येतो. ऐकू येत नाही, पण प्रश्न लिहून दिला तर उत्तर देईन.

एक गोष्ट तुझ्यासाठी. तिसऱ्या शब्दाचा अर्थ मी अचूक लावला होता. ज्याने जाणूनबुजून कवीचा वेश घेतला तो. ती तशीच आहे. वेश कशासाठी, हे मी तुला विचारायला सांगितलेच नाही. तू आपणहून खादरसाहेबांना विचारलेस. त्यांनी वाहवा म्हटले, आणि मी पुढे गेलो, कारण माझ्या माहितीतल्या लोकांना तेवढेच हवे असते. मलाही.

प्रमोदने चहा घेतला नाही. निघा.

एकनाथमामा


सिकंदराबाद
८ सप्टेंबर २०२५

ती. मामांस,
सा. नमस्कार.

ती जिवंत आहे. माझ्याकडे आहे. प्रमोदबरोबर एवढेच कळवले होते. बाकीचे आता लिहिते.

तुमचे निवेदन घेऊन गेले तेव्हा ठाण्यात दुसरी अधिकारी होती, बाई, जेमतेम पस्तिशीची. तिला मराठी येत नाही. मी वाचत गेले आणि हिंदीत सांगत गेले. ‘जाऊन कडी पाहावी’ इथे तिने हात वर केला आणि म्हणाली, “बस. चलो.” कडी पाहिली. टाकी पाहिली. मग कुलदीपला समोर बसवून एकच विचारले, गाव कोणते. त्याने तीन वेळा वेगवेगळे सांगितले, चौथ्यांदा खरे.

जहीराबादच्या पुढे फाट्यापासून आत आठ किलोमीटर. घर बंद होते. मागच्या खोलीत ती होती, बाहेरून कडी. चुलतसासरे अंगणात खाटेवर बसलेले. तुमचा लेख वाचून दाखवणारे आणि तिला शहरातून इथे आणणारे काका ते हेच. त्यांनी अधिकारीण बाईंना पाणी विचारले. घरामागे विहीर आहे. तिचा कठडा एका बाजूने नुकताच उतरवला होता, दगड रांगेत लावून ठेवलेले. दुरुस्ती काढली आहे, म्हणाले. गवंडी कुठे आहे, असे बाईंनी विचारले. उद्या येणार, म्हणाले. दोघांवर गुन्हा नोंदला आहे. पुढे काय टिकते ते मला माहीत नाही. त्यांचा वकील तुमचा लेख मागायला छापखान्यात जाऊन आला, असे प्रमोद सांगत होता. तुमचे निवेदन फाइलमध्ये आहे. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये आहेत.

ती बोलते थोडे. चौतीस किलो वजन आहे. पहिल्या दिवशी बाईंनी तिच्यापुढे पत्रक धरून विचारले, “ये तुमने लिखा?” तिने पत्रक हातात घेतले आणि उभ्या उभ्या तुमची चारही पाने वाचली. आम्ही सगळे थांबलो. वाचून झाल्यावर तिने ते नीट घडी करून परत दिले आणि म्हणाली, “कविता वाईट आहेत. सरांचं बरोबर आहे. पण त्यांनी कुणाला तरी विचारायला पाहिजे होतं.” राग नव्हता. बस चुकली म्हणून सांगावे तसे सांगितले.

नियमाबद्दल तुम्ही मागच्या चिठ्ठीत विचारले आहे. रविवारी मी आबासाहेबांपुढे सगळे मांडीन. किती लिफाफे जाळले, याचा हिशेब कोणाकडे नाही, हे त्यांनी मला आजच फोनवर सांगितले. एकोणचाळीस वर्षे, मामा. त्या सगळ्यांत कडीच होती असे नाही. पण कशात होती, ते आता कळायचा मार्ग नाही.

तुम्ही तिला भेटायला येतो म्हणता. येऊ नका. बाहेरच्या खोलीत पुरुषाचा आवाज आला की ती जेवत असली तरी उठून भिंतीशी उभी राहते. तिला सांगायचे असेल ते लिहून पाठवा. साधे लिहा, लहान लिहा. मी आधी वाचीन, आणि तिला द्यायचे की नाही ते मी ठरवीन.

आपली,
रंजना